उन्हाळ्यात हिमनदीवर स्कीइंग : आधी उतरायची वेळ ठरवा, मग चढायची

जून उजाडला की वॉशिंग्टन राज्यातल्या बहुतेक स्की-लिफ्ट बंद झालेल्या असतात आणि सिएटल, रेडमंडकडच्या आपल्या ट्रेकर मंडळींचं लक्ष माउंट बेकर या हिमनद्यांनी झाकलेल्या ज्वालामुखीकडे वळतं. पाय सह्याद्रीत घडलेले, स्कीइंग दोन-तीन हिवाळे रिसॉर्टवर शिकलेलं, दमसास भरपूर. तरी एक गोष्ट वारंवार चुकते, ती म्हणजे वेळ. शनिवारी सकाळी सातला घर सोडायचं, दहाला पायथा, दुपारी तीनला हिमनदीवर. तोवर वरचा बर्फ घोट्यापर्यंत भुसभुशीत झालेला असतो, भेगांवरचे बर्फाचे पूल कच्चे झालेले असतात आणि ज्या उतारासाठी एवढा खटाटोप केला तो कसाबसा उरकावा लागतो.

ट्रेकला जाताना आपण चढाईचा विचार करतो, उतराई काय, होतेच. इथे उतराईची वेळ आधी धरायची आणि झोप, गाडी, नाश्ता, दोर बांधणं हे सगळं तिच्यापासून मागे मोजत यायचं. खालचे टप्पे त्याच हिशेबाने लावले आहेत. उदाहरण बेकरच्या दक्षिण बाजूचं घेतलं आहे: श्रायबर्स मेडो या पायथ्याहून स्क्वाक किंवा ईस्टन हिमनदीवर साधारण २,४०० मीटरपर्यंत, जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत. माथा ३,२८६ मीटरवर आहे. पहिल्या खेपेला तो सोडून द्या, का ते टप्पा ४ मध्ये येईल.

टप्पा १ : आपण यासाठी तयार आहोत का? (निदान महिनाभर आधी)

रिसॉर्टवरचे काळे (सर्वांत अवघड) उतार तुम्ही मजेत करता, एवढं पुरेसं नाही. पाठीवर दहा-बारा किलोची सॅक, खाली आधी काचेसारखा कडक आणि मग पाणचट बर्फ, अशा दोन्हींवर न पडता वळता आलं पाहिजे. लिफ्टखाली पडलात तर रिसॉर्टचं स्की-बचावपथक येतं. इथे कडक उतारावर पडलात तर घसरत खालच्या भेगेपर्यंत जाल.

याखेरीज तीन गोष्टी हव्यात. स्किन (स्कीच्या तळाला चिकटवायचे, मागे घसरू न देणारे केसाळ पट्टे) लावून चढण्याचा आणि किक-टर्नचा (उतारावर जागच्या जागी एकेक स्की उचलून दिशा बदलण्याचा) सराव, तोही आधी हिमनदी नसलेल्या डोंगरावर. हिमस्खलनाचा प्राथमिक कोर्स. आणि क्रिव्हासमधून (हिमनदीतल्या भेगेतून) माणूस बाहेर काढण्याचं प्रत्यक्ष प्रशिक्षण. व्हिडिओ पाहून हे येत नाही.

उत्तरकाशी किंवा दार्जिलिंगचा गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स केलेल्यांना दोर, गाठी, आइस अ‍ॅक्स सगळं ओळखीचं असतं, आणि तिथेच गफलत होते. कोर्समध्ये साथीदार पडला की आपण बूट आणि अ‍ॅक्स रोवून अडवतो. पायात स्की असताना ते जमत नाही. अंग खाली टाकून दोन्ही स्की दोराच्या ओढीला आडव्या करायच्या आणि त्यांच्या कडा बर्फात घुसवायच्या. ही हालचाल सुरक्षित उतारावर, साथीदाराला खरोखर दोर ओढायला लावून, अंगवळणी पडेपर्यंत करा.

गटात तिघे किंवा चौघे असावेत. दोघांच्याच दोरावर एक आत गेला की दुसऱ्याला एकट्याने त्याचं वजन धरून अँकरही (दोर अडकवायला बर्फात पक्का केलेला आधार) बांधावा लागतो. ते मुरलेल्या लोकांचं काम आहे. गटातल्या कोणालाच हिमनदीचा अनुभव नसेल तर पहिल्यांदा परवानाधारक गाइड घ्या.

*तपासणी :* हातमोजे घालून प्रुसिक (ओढ आली की दोराला घट्ट पकडणारा दोरीचा फास) बांधता येतो का? अँकर आणि तीनास-एकची (ओढ तिप्पट करणारी) पुली-रचना कोणाला न विचारता लावता येते का? नाही म्हणत असाल तर पुढचे टप्पे वाचा, पण तारीख ठरवू नका.

टप्पा २ : सामान आणि घरच्या घरी जुळवणी

स्की, टूरिंग बाइंडिंग (बूट स्कीला धरणारी, चढताना टाच मोकळी सोडणारी पकड), चालण्याची सोय असलेले बूट, स्किन्स, हेल्मेट ही यादी सगळ्यांना माहीत असते. अडतं ते एकमेकांशी न जुळणाऱ्या वस्तूंवर.

स्की-क्रॅम्पॉन, म्हणजे बाइंडिंगखाली बसणारी दातेरी पट्टी, उन्हाळ्यात लागतेच. ती स्कीच्या रुंदीला आणि बाइंडिंगच्या बनावटीला जुळावी लागते. भाड्याने रुंद स्की आणायची आणि मित्राची अरुंद पट्टी मागायची, मग पहाटे पाच वाजता कळतं की ती बसत नाही. बुटांच्या क्रॅम्पॉनचंही तेच. स्की-बूट ट्रेकिंगच्या बुटापेक्षा लांबट आणि कडक, म्हणून क्रॅम्पॉनची पट्टी आणि टाचेची कडी घरीच त्या बुटावर लावून, जिना चढून-उतरून पाहा.

स्किन्स पूर्ण लांबीच्या हव्यात आणि त्यांचा गोंद शाबूत हवा. हिवाळ्यात धकून गेलेला गोंद उन्हाळ्याच्या ओल्या बर्फात दगा देतो. सोबत स्किनला घासायचं मेण आणि दोन-चार रबरी पट्टे ठेवा. गोंद सुटला तर पट्ट्याने बांधून वेळ निभावते.

हिमनदीचं सामान असं: प्रत्येकाला हार्नेस (दोर अडकवायचा कमरेचा पट्टा), दोन प्रुसिक, एक लांब आणि एक आखूड स्लिंग (शिवलेल्या पट्टीचा फास), चार-पाच कॅराबिनर, म्हणजे उघडझाप होणाऱ्या कड्या (त्यातले निदान दोन लॉक होणारे), एक पुली, एक आइस-स्क्रू आणि पोलादी टोकाची आइस अ‍ॅक्स. गटाला ३० ते ४० मीटरचे दोन हलके दोर. दोन का, ते टप्पा ९ मध्ये. ट्रान्सीव्हर (बर्फात गाडल्या गेलेल्याला शोधायचं रेडिओयंत्र), प्रोब (बर्फात खुपसायची लांब सळई) आणि फावडं उन्हाळ्यातही घ्या. प्रोबने बर्फाखालची पोकळी कळते आणि फावड्याशिवाय पुरलेला अँकर होत नाही.

उन्हाचं सामान लोक हलक्यात घेतात. ताजा बर्फ अतिनील किरण ८० टक्क्यांपर्यंत परावर्तित करतो, जुना त्याहून कमी, पण तरीही भरपूर. म्हणून क्रीम हनुवटीखाली, कानामागे आणि नाकपुड्यांच्या आतल्या कडेलाही लावायचं. 'आपल्या कातडीला काही होत नाही' या भरवशावर गेलेले लोक सोमवारी ऑफिसात सोललेलं नाक घेऊन बसतात. चष्मा चौथ्या, म्हणजे सर्वांत गडद श्रेणीचा, बाजूने बंद. गटात एक जादा असू द्या, कारण चष्मा हरवलेल्या माणसाला डोळे झाकून खाली आणावं लागतं.

पाणी अडीच-तीन लिटर. शौचासाठी वनखात्याच्या रेंजर स्टेशनवर मिळणाऱ्या निळ्या पिशव्या घ्या आणि वापरलेल्या परत खाली आणा. फोनमध्ये नकाशा आधीच उतरवून ठेवा. डोंगरावर रेंजचा भरवसा नाही, म्हणून गटात एक उपग्रह-संदेशयंत्र हवं.

टप्पा ३ : दिवसाचा अंदाज पाहिलात, रात्रीचा पाहिलात का?

दिवसभर वितळलेला बर्फ रात्री गोठतो. सकाळी ऊन आलं की वरचे दोन-तीन सेंटिमीटर सुटतात आणि खालचा थर घट्ट राहतो. जाडसर ओल्या रव्यासारखा हा थर म्हणजे कॉर्न, आणि आपण त्याच्यासाठीच जातो. रात्री गोठलंच नाही तर सकाळी सुटायला काही उरत नाही. वरपासून खोलवर नुसता पाणचट बर्फ असतो.

इथे अंदाज वाचताना बहुतेक जण फसतात. जुलैमध्ये हवेतली गोठणपातळी (तापमान शून्याला येतं ती उंची) पुष्कळदा ३,५०० ते ४,००० मीटरवर, म्हणजे बेकरच्या माथ्यापेक्षाही वर असते. ते वाचून कोणी बेत रद्द करतो, तर कोणी नशिबावर सोडून देतो. पण आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असेल तर बर्फाचा पृष्ठभाग स्वतःची उष्णता रात्रभर आकाशाकडे फेकतो, आणि हवा शून्याच्या वर असली तरी वरचा थर गोठतो. याउलट आकाशात ढग असले की ती उष्णता खाली परततेच, आणि हवा दोन-तीन अंशांवर असूनही बर्फ मऊच राहतो.

म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या त्या जागेच्या अंदाजात तीन रकाने पाहा: रात्रीचं ढगांचं प्रमाण, दवबिंदू आणि वारा. रात्र निरभ्र आणि दवबिंदू शून्याखाली, तर निघा. रात्र ढगाळ आणि उबदार, तर झोपा. सकाळी वारा जोराचा असेल तर ऊन असूनही बर्फ उशिरा सुटतो किंवा सुटतच नाही. मग तास-दीड तास पुढे सरकवा किंवा खालच्या उंचीवरच समाधान माना.

इथली आणखी एक गंमत अशी की समुद्रावरून येणारा ढगांचा थर खाली दरीत बसतो. पायथ्याशी धुकं आणि रिपरिप, वर मात्र लख्ख चांदणं. पायथ्यावरून परत फिरण्याआधी उपग्रहाचं चित्र आणि ढगाच्या माथ्याची उंची पाहून घ्या. हाच थर दुपारनंतर वर चढला तर मात्र हिमनदीवर हात लांब केला तरी दिसत नाही. वाटेच्या खुणा जीपीएसवर नोंदवायच्या त्या याचसाठी.

*इशारा :* जूनमध्येही वर नवा बर्फ पडतो. त्यानंतरच्या पहिल्या कडक उन्हात तो ओला होऊन सुटतो, आणि भेगांवर पातळ पांघरूण घालून ठेवतो ते वेगळंच. असं वादळ होऊन गेलं तर ऊन-थंडीच्या एक-दोन फेऱ्या जाऊ द्या. हिमस्खलन केंद्राचे रोजचे अंदाज उन्हाळ्यात येत नाहीत, हे काम तुमचं तुम्हालाच करायचं आहे.

टप्पा ४ : मागे मोजत वेळापत्रक

आता कागद घ्या. स्क्वाकचा उतार दक्षिण-आग्नेयेकडे तोंड करून आहे, त्याला ऊन लवकर लागतं. ईस्टन नैर्ऋत्येकडे झुकलेली, तिथे तासाभराने उशीर. निरभ्र रात्र आणि शांत सकाळ धरून स्क्वाकवर २,४०० मीटरला उतरायला मी सव्वादहा धरतो. आता मागे चला.

सव्वादहाला उतराई सुरू. त्याआधी पाऊण तास खाणं, स्किन काढणं, बर्फ तपासणं, म्हणजे साडेनऊला वर पोचायला हवं. पायथा सुमारे १,००० मीटरवर, म्हणजे चढाई १,४०० मीटरची. लादलेल्या सॅकसह ताशी ३०० मीटर हा बऱ्या गटाचा वेग, तर चार तास चाळीस मिनिटं. दोर बांधणं आणि त्यामुळे मंदावणारी चाल यांना पाऊण तास. बूट बदलून स्की चढवायला वीस मिनिटं. एकूण पावणेसहा तास. पायथा सोडायची वेळ आली पावणेचार.

जूनअखेरीस तिथे सूर्य पाच-दहाच्या सुमारास उगवतो, म्हणजे पहिला तासभर हेडलॅम्प लागेल आणि हिमनदीला लागाल तेव्हा चांगलं उजाडलेलं असेल. सिएटलहून गाडीने अडीच तास लागतात. रात्री एकला घर सोडून हे करणारे असतात, पण झोप न झालेल्या माणसाने दोरावर असू नये. आदल्या संध्याकाळी पोचा आणि पायथ्याजवळच झोपा.

आणि हिशेबातली सर्वांत महत्त्वाची ओळ: सव्वादहाला जिथे असाल तिथून उतरायचं. दोन हजार मीटरवर असाल तर तिथून. वर पोचायला उशीर झाला म्हणून उतराई पुढे ढकलता येत नाही, कारण ऊन तुमच्यासाठी थांबत नाही.

माथ्याचं गणित आता दिसेल. पायथ्यापासून २,२८० मीटर चढाई, म्हणजे बारीतून चढून जवळजवळ अडीच कळसूबाई, तेही एका दमात. शिवाय माथ्याखालची रोमन वॉल ही तीव्र चढण उंच असल्याने उशिरा मऊ होते, आणि ती उतरण्याजोगी होईपर्यंत खालची हिमनदी बिघडलेली असते. माथ्यावरून स्की करणारे लोक खालचा चिखल पदरात घेऊनच जातात, किंवा मध्ये तळ टाकतात.

*तपासणी :* ही वेळ घरी राहिलेल्या एका जबाबदार माणसाला लिहून पाठवा: कुठून चढणार, किती जण, किती वाजेपर्यंत निरोप नाही आला तर ९११ या आपत्कालीन नंबरला कळवायचं. 'संध्याकाळपर्यंत येतो' याला वेळ म्हणत नाहीत.

टप्पा ५ : पायथा ते पहिला बर्फ

सेड्रो-वूलीहून २० नंबरच्या राज्य महामार्गाने पूर्वेला, मग बेकर लेक रोड, तिथून १२ आणि १३ नंबरचे वनरस्ते. शेवटचा रस्ता बर्फाने कुठवर अडला आहे हे सेड्रो-वूलीच्या रेंजर स्टेशनला विचारून घ्या. तो दोन किलोमीटर आधीच बंद असेल तर वेळापत्रक बदलतं. गाडीवर नॉर्थवेस्ट फॉरेस्ट पास लावा.

खालची वाट रानातून जाते. इथे साधे ट्रेकिंग शूज घाला आणि स्की-बूट सॅकला बांधा. स्की सॅकच्या दोन बाजूंना बांधून टोकं वर एकत्र आवळली की ओझं समतोल राहतं, मात्र आडव्या फांद्यांखालून जाताना वाकायचं ते नेहमीपेक्षा हातभर जास्त. शेपट्या फार खाली ठेवल्या तर उतरताना पोटऱ्यांवर आपटतात.

सलग बर्फ लागला की बूट बदला. शूज पिशवीत घालून झाडाला टांगा, जमिनीवर ठेवू नका. घामाच्या खारट वासाने उंदीर आणि मार्मट नाड्या कुरतडतात, आणि मग स्की-बुटात मातीच्या वाटेने खाली यावं लागतं. त्या झाडाची खूण जीपीएसवर घ्या. पहाटे अंधारात ओळखीचं वाटलेलं झाड दुपारी शंभर झाडांत हरवतं.

हार्नेस इथेच चढवा. वर वाऱ्यात, स्की पायात असताना तो घालणं म्हणजे कसरत. ट्रान्सीव्हर चालू करून एकमेकांचे तपासा. एक लांब स्लिंग हार्नेसला अडकवून तिचं दुसरं टोक सॅकच्या खांद्याच्या पट्ट्याला कॅराबिनरने लावून ठेवा. कोणी भेगेत अडकला तर वरून सोडलेला दोर त्याला छातीपाशीच पकडता येतो.

ईस्टनकडे जाणाऱ्यांना वाटेत रॉकी क्रीक ओलांडावा लागतो. पाणी हिमनदीचं, पहाटे कमी आणि दुपारी जास्त. सकाळी ज्या दगडांवरून आलात ते परतताना पाण्याखाली गेलेले असू शकतात.

टप्पा ६ : स्किनवर चढाई

झाडांतल्या बर्फावर सुया, शेवाळाचे धागे आणि परागांचा पिवळा थर असतो. स्किन लावताना ती जमिनीला टेकू देऊ नका. एकदा गोंदात सूचिपर्णाच्या सुया बसल्या की एकेक नखाने काढत बसावं लागतं. स्की मांडीवर धरून, आधी टोकाची कडी अडकवून, हाताने दाबत शेपटीपर्यंत या.

पहाटे बर्फ कडक असतो. स्की-क्रॅम्पॉन लावायची जागा म्हणजे कडक उतार सुरू होण्याआधीचा सपाट तुकडा. उतारावर मधेच घसरायला लागल्यावर ते लावायला वाकणं ही हमखास पडायची पद्धत. टाचेखालचा रायझर (चढावर टाच उंच ठेवणारा टेकू) कडक बर्फावर खाली ठेवा. तो उंच केला की वजन पुढे जातं आणि स्किनची पकड सुटते. उतार तीस अंशांच्या वर आणि कडक असेल तर हट्ट सोडा: स्की सॅकला, क्रॅम्पॉन बुटाला, अ‍ॅक्स हातात.

आठनंतर उलटा त्रास सुरू होतो. ऊन लागलेल्या ओल्या बर्फातून सावलीतल्या थंड बर्फात गेलं की स्किनच्या केसांवर गोळे धरतात आणि दोन्ही पायांखाली वीट बांधून चालल्यासारखं होतं. आपटून काही होत नाही. स्किन उलटी करा, गोळे खरवडा, मेण चोळा आणि पुढे व्हा. एरवी थांबणं तासाला पाच-सात मिनिटं, एवढंच.

*इशारा :* ज्या उतारावरून खाली यायचं त्याच उतारावरून वर जा. हिवाळ्यात याला अपवाद असतात, उन्हाळ्याच्या हिमनदीवर जवळपास नाहीत. भेगा कुठे आहेत, बर्फ कुठे वाळूसारखा आणि कुठे खड्ड्याखड्ड्यांचा आहे, हे चढताना पायाला कळतं. न पाहिलेल्या बाजूने वेगात उतरणं म्हणजे ती माहिती फेकून देणं.

टप्पा ७ : हिमनदीत पाऊल टाकण्याआधी

हिमनदी नक्की कुठे सुरू होते हे जूनमध्ये डोळ्यांना दिसत नाही, सगळंच पांढरं. नकाशातली सीमा जुनी असू शकते. म्हणून सीमारेषेच्या बरंच अलीकडे, सपाट जागी दोर बांधा. पहिली भेग दिसल्यावर बांधू म्हणाल, तर न दिसलेल्या दोन-तीन ओलांडून झालेल्या असतात.

तिघांसाठी ४० मीटरचा दोर असेल तर दोघांमध्ये साधारण १२ मीटर अंतर ठेवा आणि उरलेला दोर दोन्ही टोकांच्या माणसांनी गुंडाळून सॅकमध्ये ठेवा. तो बचावासाठी. चालताना दोर मध्ये हलकासा बर्फाला टेकलेला असावा. ताठ असला तर प्रत्येक पावलाला पुढच्याला हिसका बसतो. ढिला ठेवला तर पडणारा माणूस तेवढा जास्त खोल जातो आणि तुम्हाला वेगाने ओढतो. पुढचा किक-टर्न घेत असेल तेव्हा मागच्याने थांबायचं. नवख्या गटात दोर नेहमी इथेच ढिला पडतो.

भेग कशी ओळखायची? सकाळचं तिरपं ऊन असतं तेव्हा बर्फावर हलकी, लांबट, घळीसारखी दबलेली रेघ दिसते, रंगही जरा मळकट. तो झाकलेला पूल असू शकतो. उघड्या भेगेचं टोक जिथे संपल्यासारखं वाटतं तिथून तीच रेघ मनात पुढे ओढा. खालून भेग बरेचदा पुढे गेलेली असते. उतार जिथे फुगीर होऊन खाली वळतो तिथे बर्फ ताणला जातो, भेगा तिथे हमखास. दोर भेगेला काटकोनात राहील असे ओलांडा. सगळे भेगेच्या दिशेनेच रांगेत असाल तर एकाच पुलावर तिघे उभे राहाल. शंका आली की प्रोब घुसवा. घट्ट, घट्ट आणि एकदम पोकळ लागलं तर वळसा घ्या.

स्कीमुळे वजन पसरतं, म्हणून भेगांच्या भागात दोन्ही स्की एकदम काढायच्या नाहीत. लघवीसाठीही नाही. थांबलात तरी दोराचं अंतर तसंच राहू द्या. सगळे फोटोला एका जागी गोळा झाले की दोर असून नसल्यासारखा.

दबलेल्या रेघा आणि उघड्या भेगा जीपीएसवर टिपत जा. उतरताना वेगात त्या शोधायला वेळ नसतो.

*तपासणी :* काठी बर्फात सहज हातभर आत जाते आहे आणि अजून आठही वाजलेले नाहीत? रात्री गोठलेलं नाही. परत फिरा. वर गेल्यावर बरं मिळेल ही आशा सोडा.

टप्पा ८ : वर थांबणं आणि स्की उतराईला लावणं

साडेनऊच्या सुमाराला पोचलात. जागा निवडताना फुगीर कडा आणि दबलेल्या रेघा टाळा, प्रोबने भोवताल तपासा, मगच दोर सोडा.

लवकर पोचलात तर थांबायचं. हे आपल्या लोकांना अवघड जातं, पोचलो की निघालो अशी सवय. कडक बर्फावर उतरायला सुरुवात केली तर दात खिळखिळे होतात आणि पडलात तर थांबत नाही. बुटाची टाच जोरात मारून पाहा. खण् वाजून नुसता ओरखडा उठला तर अजून वेळ आहे. टाच दोन-तीन सेंटिमीटर रुतून खाली घट्ट लागली तर हीच वेळ. बूट घोट्यापर्यंत गेला तर उशीर झाला आहे: खाणं गुंडाळा आणि निघा.

आता क्रम. अंगात जाकीट, मग स्की पायात ठेवूनच एका पायाची स्किन टोकाकडून ओढून काढा, गोंद गोंदाला लावून घडी करा आणि जाकिटात ठेवा. ती सॅकवर पसरून ठेवली तर वारा नेतो. मग दुसरी. ज्यांना स्की पायात ठेवून हे जमत नाही त्यांनी तपासलेल्या जागी एकेक स्की काढावी आणि काढलेली स्की बर्फात उभी रोवावी. सुटलेली स्की थेट भेगेत जाते. मग बूट उतराईच्या स्थितीत आणा, बकल आवळा.

सर्वांत धोक्याची चूक बाइंडिंगची आहे. पिनच्या (बुटाचं टोक दोन पिनांत धरणाऱ्या) बाइंडिंगमध्ये पुढची खिट्टी चढाईसाठी वर ओढून बंद केलेली असते. ती तशीच राहिली तर पडल्यावर स्की सुटत नाही आणि गुडघा पिळवटतो. पुढच्या स्प्रिंगखाली दाबला गेलेला बर्फ काठीच्या टोकाने काढा, बूट पिनमध्ये बसवून दोनदा हलवा, टाच दाबा, खिट्टी खाली असल्याची खात्री करा. मग एकमेकांच्या तपासा. स्वतःची स्वतः तपासली हे इथे चालत नाही.

टप्पा ९ : उतराई

दोर बांधून स्की करायची ती फक्त धुक्यात किंवा पूल फारच संशयास्पद असताना, कारण एकाचं वळण दुसऱ्याला आडवं पाडतं. एरवी दोर सॅकमध्ये, हार्नेस अंगावर. दोन दोर दोघांकडे, आणि त्यातला एकही पहिल्याकडे नाही. पहिलाच भेगेत गेला आणि दोर त्याच्याच सॅकमध्ये असला तर वरचे नुसते बघत राहतील. म्हणून शेवटच्याकडे एक दोर असलाच पाहिजे.

एकेकाने उतरा. पहिला अनुभवी, तो चढाईच्या वाटेच्या लगतच राहतो आणि सपाट, तपासलेल्या जागी थांबतो. बाकीचे त्याच्या वर थांबतात, खाली घसरत जात नाहीत. दबलेल्या रेघा आल्या की वळू नका, काटकोनात सरळ, थोडा वेग ठेवून ओलांडा. पुलावर थांबणं, पडणं आणि तिथेच स्की काढून उठणं हे तिन्ही टाळायचं.

जुलैत बर्फ एकसारखा नसतो. उन्हाने पडलेल्या वाटीएवढ्या खड्ड्यांवर स्की ठोकर खाते, तिथे गुडघे सैल ठेवून आखूड वळणं घ्या. वाहत्या पाण्याने कोरलेल्या पन्हाळ्या आल्या तर त्या तिरक्या कापा. लालसर पट्टे दिसतील, ते शैवाल. तिथला बर्फ बहुधा पाणचट आणि चिकट, स्की अचानक अडकते आणि माणूस पुढे जातो.

तीव्र उतारावर तुमच्या वळणाने सुटलेला ओला बर्फ तुमच्यामागून येतो. दोन-तीन वळणांनंतर एका बाजूला सरका आणि तो जाऊ द्या. खाली थांबलेले कोणी त्याच्या वाटेत नाहीत ना, हे आधी बघा. सुटणारा बर्फ दर वळणाला वाढत असेल तर त्या उतारावर आणखी कोणी येऊ नये, कमी उताराची बाजू धरा.

*इशारा :* 'मस्त झालं, आणखी एकदा वर जाऊ.' दुसरी फेरी तासभर उशिराच्या बर्फावर होते. ती करायची असेल तर हिमनदीच्या खालच्या, कमी उताराच्या आणि भेगा नसलेल्या बर्फावर करा.

टप्पा १० : हिमनदी सुटल्यानंतर

हिमनदी सुटल्यावर ढिलाई येते आणि हातपाय मोडतात ते बरेचदा खालच्याच भागात. झाडांजवळचा बर्फ बुंध्याभोवती पोकळ असतो. ओढ्यावरचा बर्फाचा पूल सकाळी धरून होता, दुपारी धरेलच असं नाही. तिथे वरून जाण्याआधी खाली पाण्याचा आवाज येतो का ऐका. बर्फाचे तुकडे जोडत जोडत स्की करत राहण्याच्या हौसेपायी दगडांवर तळ खरवडून घेऊ नका.

टांगलेले शूज घ्या, पाणी प्या, गाडीशी आलात आणि रेंज मिळाली की घरच्या माणसाला निरोप द्या. निरोप द्यायला विसरलात तर तिकडे बचावपथक कामाला लागतं.

घरी आल्यावर स्किन्स उलगडून सावलीत वाळवा, उन्हात किंवा हीटरवर नाही, गोंद पातळ होतो. तळावर ज्वालामुखीची राख आणि पराग यांचा काळपट थर बसलेला असतो, तो पुसून काढल्याशिवाय मेण लावून उपयोग नाही. कडा कोरड्या करा, नाहीतर आठवड्यात गंज धरतात. दोर, स्लिंग आणि हार्नेस साध्या पाण्याने धुऊन सावलीत टांगा, आणि दोरावरून बोटं फिरवून कुठे मऊ पडलाय किंवा कापला गेलाय का बघा. स्कीच्या धारदार कडेने दोर घासला गेला असेल तर ती जागा इथेच सापडते.